पूर्वजांची थबक

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्याकडे पत्र म्हणजे एक तर मयत नाहीतर नोटीस, आणि नोटीस तुला तुझ्या बाबानं आधीच पाठवली आहे, समितीच्या गोल शिक्क्यासकट. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू दोन मिनिटांत "आत्या, मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि मुद्द्यावर यायला मला छत्तीस वर्षं लागली आहेत. आणखी चार पानं लागली तर तुझं काही बिघडत नाही.

आधी तुझ्या नाचाबद्दल बोलते, म्हणजे मग तुला वाटायला नको की आत्या लाडीगोडी लावतेय. मी तो स्पर्धेचा कार्यक्रम पाहिला. चार वेळा पाहिला; आवडला म्हणून नव्हे, पहिल्या तीन वेळा धुरामुळे काही दिसलंच नाही म्हणून. तुम्ही सहा जण, पायात ते पेटणारे बूट, लांबून वाटावं रुग्णवाहिका आली. आज्यांनी हातमागावर विणलेल्या पट्ट्या कापून तुम्ही त्या पँटच्या खिशांवर शिवल्यात. माझ्या आजीला एक पट्टी विणायला महिना लागायचा, तुला ती खिशाला लावायला अर्धा तास लागला असेल आणि शिलाईही वाकडी आहे. मध्येच तो उंच मुलगा बोलायला लागतो, त्याला तुम्ही गाणं म्हणता. मला वाटलं कुणाशी तरी भांडतोय आणि समोरचा बिचारा ऐकून घेतोय. शब्द आपल्या बोलीतले होते एवढं कळलं. आपल्या बोलीत इतक्या वेगानं आजवर फक्त माझ्या आजीनं शिव्या दिल्या होत्या.

तुमच्यापेक्षा तुमचं कौतुक करणारे मला जास्त असह्य झाले, हेही लिहून ठेवते. परीक्षकांच्या खुर्चीतला तो नट रडला. त्याला म्हणे मातीचा वास आला. बाई गं, तुम्ही गुळगुळीत फरशीवर नाचत होता आणि ती त्याच दिवशी फिनाईलनं पुसलेली असणार. निवेदिकेनं तुम्हाला जंगलाची लेकरं म्हटलं. तू मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतेस. जंगल तू शेवटचं पाहिलंस ते शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा तुला गाडी लागली होती म्हणून सगळा वेळ बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडून होतीस. पण तू पडद्यावर मान डोलावलीस, "हो, जंगल आमच्या रक्तात आहे" असा चेहरा केलास. तो चेहरा मी ओळखते. आपल्या घराण्यात तो तुझ्याआधी एकानं केला होता, त्याच्याकडे येतेच.

आता आमची समिती. परंपरा रक्षण समिती म्हणजे तीन माणसं: अध्यक्ष दादा, म्हणजे तुझा बाबा, सचिव दंतवैद्य, आणि सदस्य मी, कारण नियमाप्रमाणे एक बाई लागते. बैठक दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात होते, पोखरलेल्या दाढेच्या चित्राखाली. हा माणूस जन्मात एक पाऊल नाचलेला नाही. लग्नातसुद्धा तो पाहुण्यांच्या चपला नीट लावत बसतो. पण परंपरेवर बोलायला लागला की त्याला दातच सुचतात: मूळ किडलं की वरून पांढरं करून उपयोग नाही, वगैरे. आणि दादा तुला माहीतच आहे. आयुष्यभर पाणीखात्यात मीटर तपासले, आता निवृत्त होऊनही प्रत्येकाकडे असा बघतो, जणू समोरच्यानं मीटरला चुंबक लावलंय.

मंगळवारी तुझ्यावर सात आक्षेप लिहिले गेले. बूट, खिसे, धूर, संगणकातला ढोल, मुलामुलींनी एकमेकांच्या जागा बदलणं, ओळ मोडून गोल करणं. या सहांवर दंतवैद्यानं मान हलवत चहा संपवला. सातवा आक्षेप दादानं स्वतःच्या हातानं लिहिला: पवित्र थबकेची विटंबना. नाचता नाचता ओळ एका ठेक्याला थांबते, डावा पाय उचललेला, उजवा हात छातीशी, पूर्वजांना वंदन म्हणून. ती आपली थबक तुम्ही यंत्रमानवाचा झटका करून टाकलीत, असं त्याचं म्हणणं. स्पर्धेच्या अंतिम फेरीला समाजाचं संमतिपत्र लागतं, ते नसेल तर तुम्हाला वस्तीच्या नावानं नाचता येणार नाही आणि आजोबांचा ढोलही मंचावर नेता येणार नाही. रविवारी सकाळी दहाला वस्तीच्या सभागृहात सर्वांसमोर फैसला. दंतवैद्य दादाच्या बाजूनं, म्हणजे माझं मत काही असो, निकाल लागलेलाच आहे. तरी त्यांना माझी सही हवी होती. मतासाठी नव्हे, साक्षीसाठी. ज्या ओळीत दादा पहिला नाचायचा त्या ओळीतली, दादा सोडून, जिवंत आणि शुद्धीवर असलेली मी एकटीच उरले आहे.

मजकूर तयार होता: ही थबक पणजोबांपासून चालत आली असून मी ती लहानपणापासून पाहत आले आहे. मी वाचलं, पेन हातात घेऊन बसले. दादा उठला, स्वतः माझा कप भरला. दादानं मला चहा देण्याची ती पहिलीच खेप, आपल्या घरात हे कुणी ऐकलं तर घरात आजारपण आहे समजतील. कप ठेवताना तो हळू आवाजात म्हणाला, "आता तुझ्याशिवाय कुणाला आठवतंय."

दंतवैद्याला वाटलं, जुन्या दिवसांबद्दल हळहळ आहे. ती विनंती होती. एकोणसाठ वर्षांच्या माणसानं आयुष्यात दुसऱ्यांदा केलेली. मी सही केली.

मी किती बाणेदार आहे हे तुला ठाऊकच आहे, एकोणीस वर्षं वस्तुसंग्रहालयाच्या दालन क्रमांक सातमध्ये उभी राहून आपल्याच माणसांची माहिती सांगते. काचेत एक ढोल आहे, तो वाजत नाही. एक मेणाची बाई आहे, ती नाचण्याच्या पवित्र्यात उभी आहे आणि तिच्या अंगावरचा घागरा माझा आहे. मीच दिला, कारण त्यांना खरा हवा होता आणि मला बढती. बढती मिळाली नाही, घागऱ्याला मात्र वातानुकूलन मिळालं. शाळेतली पोरं विचारतात, ही माणसं अजून आहेत का? मी सांगते, जेवायला गेलीत, अर्ध्या तासात येतील. त्या बाईचा उजवा हात छातीशी आहे. खाली पाटी आहे: पूर्वजांना वंदन करणारी थबक, अतिप्राचीन. रोज सकाळी त्या पाटीवरची धूळ मीच पुसते.

सही करून दोन दिवस झाले आणि मी काहीतरी मूर्खपणा केला. गुरुवारी कामावरून सुटल्यावर तुमचा सराव बघायला आले. हो, त्या बाजार-इमारतीच्या तळघरात, जिथं गाड्या लावतात. खांब क्रमांक चौदाच्या मागे मी उभी होते. पहारेकऱ्यानं दोनदा विचारलं, मावशी, तुमची गाडी कुठली. तिसऱ्यांदा मी एका पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवलं, तर तो म्हणाला, ती आमच्या साहेबांची आहे. मग मी म्हणाले, साहेबांचीच वाट बघतेय. त्यानंतर त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती या वयात पुन्हा वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

धूर नव्हता, दिवे नव्हते, बूटही तुम्ही काढून ठेवले होते. पहिल्यांदाच तुमचे पाय दिसले. नाच मला तेव्हाही आवडला नाही, हे नोंदव. कोपर निखळल्यासारखं तुम्ही का करता ते मला कळत नाही. आणि मग ती थबक आली. तुझा डावा पाय वर गेला, खांदा एकदम खाली पडला, आणि तुझा उजवा हात छातीशी गेला नाही. तो मागे गेला. न बघता, हवेत चाचपडत. मागच्या मुलीनं तो पकडला, तिचा पाय वर, खांदा खाली, तिचा हात मागे, तिच्यामागच्यानं पकडला. असा सहाव्यापर्यंत. आणि एक ठेका शांतता.

भिंगरी, तुझ्या बाबाला जो यंत्रमानवाचा झटका वाटतो तो मी छत्तीस वर्षांपूर्वी पाहिला आहे, हातभर अंतरावरून. आता ऐक.

मी सतराची होते, दादा तेवीसचा. शहरात कसलंसं मोठं प्रदर्शन होतं: नांगर, पंप, शिवणयंत्रं, आणि आम्ही. चौदा जणांची ओळ, पुढे दादा, त्याच्यामागे मी, बाजूला ढोलावर आमचे बाबा, म्हणजे तुझे आजोबा. आपल्या नाचाचा एकच नियम आहे, तो मी तुला चालता येत नव्हतं तेव्हापासून सांगत आले आहे: पुढच्याचा पाय तो आपला पाय. का म्हणून विचारायचं नाही, चुकला म्हणून सुधारायचं नाही, आणि पहिला थांबला तर ओळ संपली. त्या दिवशी पायाखाली माती नव्हती, घाईनं ठोकलेल्या फळ्या होत्या. तिसऱ्या वळणावर दादाचा डावा पाय खिळ्यावर पडला. उभा खिळा, बोटाएवढा. त्याचा पाय वर आला, खांदा पडला, तोल गेला आणि हात मागे आला. त्यात माझं मनगट सापडलं. त्यानं ते असं आवळलं की आठवडाभर निळं होतं. एक ठेका आम्ही तसेच. मग तो पुढे सरकला.

मी दुसरी. मी काय करणार, पुढच्याचा पाय तो आपला पाय. मी डावा पाय उचलला, खांदा पाडला, हात मागे केला. माझ्यामागच्यानं धरला. असं करत चौदाव्यापर्यंत. बाबांनी ढोलावर तो एक ठेका मोकळा सोडला. त्यांनी खिळा पाहिला की नाही देव जाणे, विचारायची कुणाची टाप नव्हती. आणि त्या प्रदर्शनात तोवर पंपांकडे बघत बसलेल्या लोकांनी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीत तीच जागा आली, दादाला पाय टेकवत नव्हता, त्यानं पुन्हा तसंच केलं. तिसऱ्या फेरीत तो नाच झाला होता. मागच्या बारा जणांनी फक्त पुढच्याचे पाय पाहिले. खिळा मी पाहिला, आणि फळी ओली लागली तेव्हा मला वाटलं कुणी पाणी सांडलं.

त्या पायावर दादा आणखी चाळीस मिनिटं नाचला. एकदाही थांबला नाही. मी आजवर बरीच शूर माणसं पाहिली, बहुतेक भाषणांत. हे एक खरंखुरं पाहिलं.

आणि मग तुझ्या शूर बाबानं माती खाल्ली. नाच संपल्यावर एक साहेब वही घेऊन आले, आमच्यासारख्यांवर पुस्तक लिहिणारे. त्यांनी विचारलं, ती मधली थबक काय आहे, तिचा अर्थ काय. दादा एका पायावर उभा, दुसरा पाय फडक्यात. चूक झाली म्हणायची लाज, खिळा होता म्हटलं तर आयोजकांना राग येईल ही भीती. तोच चेहरा केला त्यानं, जो तू परवा निवेदिकेसमोर केलास, आणि म्हणाला, "इथं आम्ही पूर्वजांसाठी थांबतो."

साहेबांचे डोळे पाणावले. मागे जाणारा हात त्यांना नीटसा दिसला नव्हता, म्हणून त्यांनी तो पुस्तकात छातीशी नेला. वंदनाला तेच शोभतं. पुस्तक छापून आलं. पुस्तकातून पाटीवर, पाटीवरून मेणाच्या बाईत, बाईतून शाळेच्या संमेलनात, आणि शेवटी वस्तीतली पोरं आमच्याकडे न शिकता त्या पुस्तकातलं चित्र बघून नाच शिकली. परतीच्या ट्रकमध्ये दादा माझ्या कानाशी लागून म्हणाला होता, कुणाला सांगू नकोस. ती पहिली विनंती. ज्यासाठी छाती फुगवायची ते या माणसानं लपवलं, आणि ज्याची लाज वाटायची ते छत्तीस वर्षं मिरवलं. आता त्याच्या जोरावर तो पोटच्या पोरीला नाचायला बंदी घालतोय. मी या सगळ्याला हसते तेव्हा तुम्ही म्हणता आत्याची जीभ कडू आहे. तुम्हीच सांगा, गोड काय करू?

तुझ्याकडे ती खरी थबक कुठून आली, हा प्रश्न तुला पडला असेल. नसेल पडला तर पडू दे. तुझी आई दुपारच्या पाळीला जायची तेव्हा तू माझ्याकडे असायचीस, चार वर्षांची, सतत रडकी. तुला हसवायला माझ्याकडे खेळणी नव्हती. मी स्वयंपाकघरात नाचता नाचता धडपडल्याचं सोंग करायचे: पाय वर, खांदा खाली, हात मागे. तू खिदळत माझा हात पकडायचीस आणि मग स्वतः तसंच करायचीस. त्याला आपण लंगडी कोंबडी म्हणायचो. ते कुणाचं सोंग आहे हे मी तुला कधी सांगितलं नाही. भावाची खिल्ली उडवण्याची तेवढीच एक सोय मला होती, आणि वचनही मोडत नव्हतं. तू ती कोंबडी तळघरापर्यंत आणलीस. धूर सोडलास, बूट पेटवलेस, आज्यांच्या पट्ट्यांची वाट लावलीस, आणि अख्ख्या वस्तीत खरा पाय तेवढा तुझाच पडला. मला याचा किती राग आला सांगू नये इतका.

तर रविवारी मी जाणार आहे. मंगळवारची सही मागे घेत असल्याचा कागद मी लिहून ठेवला आहे आणि तो मीच वाचणार, खिळ्यापासून पुस्तकापर्यंत सगळं. संमतिपत्र मग त्यांना द्यावंच लागेल. जी थबक तुम्ही बिघडवली म्हणतात तिचा जन्म सांगितल्यावर दंतवैद्यालाही आ वासावा लागेल, एकदा त्यानंही अनुभव घ्यावा. याची काळजी तू करू नकोस, आणि मी हे तुझ्या नाचासाठी करतेय असंही समजू नकोस. पत्र त्यासाठी नाहीच. पत्र यासाठी की तू हसशील. लंगड्या कोंबडीला तू नेहमीच हसलीस, आणि रविवारी सभागृहात सगळेच हसतील. आपली माणसं हसायला लागली की थांबत नाहीत. दादा पहिल्या रांगेत अध्यक्षाच्या खुर्चीत असेल. चार महिने तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत, तू जिंकल्यासारखी समोर उभी राहशील, मला दिसतंय. तसं करू नकोस. तेव्हा त्याचा तोल गेला आणि त्यानं न बघता हात मागे केला, कारण मागे मी आहे हे त्याला माहीत होतं. रविवारी तो तोल पुन्हा जाईल. पण या वेळी त्याच्यामागे मला उभं राहता येणार नाही, पोरी. या वेळी खिळा मीच आहे. म्हणून दहाच्या आधी ये, बूट बाहेर काढ, आणि त्याच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहा. बोलायची गरज नाही. हात आला तर धर.

तुझीच, ओळीतली दुसरी,
आत्या